शेजारणीच्या देवघरातला येशू

सोनपेठला आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर एकच, माझं. पाळकसाहेब परभणीहून महिन्यातून एकदा एसटीनं येतात, तेव्हा बैठकीत सतरंजी टाकून उपासना होते. बाकीच्या रविवारी मी एकटीच गीत म्हणते, तेही दार उघडं ठेवून, मुद्दाम. मी मरण्याआधी गल्लीतल्या एका तरी माणसानं विचारावं, की मॅडम, तुमचा देव नेमकं म्हणतो तरी काय? याहून जास्त मी काही मागितलेलं नाही.

माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं त्यांचं पाणी तोडलं होतं. माझं कुणी काहीच तोडलं नाही. नाताळच्या करंज्या सगळे आवडीनं खातात, "झाली का तुमची दिवाळी?" म्हणतात आणि रिकामं ताट परत देऊ नये म्हणून त्यात मूठभर साखर घालून पाठवतात.

गेल्या वर्षी समोरच्या शेजारणीचा मुलगा मोटारसायकलवरून पडला. नांदेडच्या दवाखान्यात बेशुद्ध होता. कपडे न्यायला म्हणून ती घरी आली आणि माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"मॅडम, तुमच्या देवाला सांगा की वो. आमच्या समद्यायला सांगून झालंय."

मी गुडघे टेकून प्रार्थना केली. ती डोक्यावर पदर घेऊन शेजारी बसली होती.

मुलगा वाचला. तो घरी आला त्या दिवशी ती पेढे घेऊन आली. "तुमच्या देवानं लाज राखली. चला, तुमाला कायतरी दाखवते."

गल्ली ओलांडताना मी शाळेत शिकवताना धड्याची तयारी करायचे तशी मनात जुळवाजुळव करत होते. आधी काय सांगायचं, क्रूसावर कधी यायचं.

तिनं देवघराचा पडदा सारला. खंडोबा, तुळजाभवानी, त्यांचे महाराज. त्यांच्या शेजारी मीच दिलेल्या कॅलेंडरमधला येशू, कापून, काचेच्या फ्रेममध्ये. कपाळावर कुंकू, वर जास्वंद.

"त्यालाबी बसवलं. रोज दिवा लावायलेय."

मी म्हणाले, "अहो, तो असा सगळ्यांत बसत नाही. त्याला माणसाचं सगळं मन लागतं. बाकीचं सोडून त्याच्याकडे यावं लागतं."

"असं कसं म्हणायलाव, मॅडम? आमी कुणालाच उठवत न्हाई. जरा सरकून बसंल की त्योबी."

बाजेवरून तिची सासू म्हणाली, "का वो, सवत आल्यावानी रुसतो का तुमचा देव?"

दोघी हसल्या. मी पुन्हा सांगू लागले, तो मेला कुणासाठी, उठला कसा. शेजारीण मान हलवत ऐकत होती. मग म्हणाली, "समदे देव एकच हायत. चहात साखर चालती ना तुमाला?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसानं निदान ऐकलेलं असतं.

संध्याकाळी, नातवंडांनो, मी हे तुमच्या बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तेही हसले. "सोड ना आई. निदान तिनं घरात तरी बसवला." मी विचारलं, तुम्ही चर्चला शेवटचे कधी गेलात? तेवढ्यात तुमच्यातला धाकटा मागून ओरडला, "आजी, रविवारी आमचं पोहणं असतं!" बाबा म्हणाले, आवाज नीट येत नाही, नंतर बोलू. मला त्यांचा आवाज अगदी स्वच्छ येत होता.

शेजारणीला मी अजून सांगते. ती अजून चहाच विचारते. पण तिच्या घरी, चुकीच्या रांगेत का होईना, त्याच्यापुढे रोज कुणीतरी हात जोडतं. हे मला गोड वाटत नाही, आणि तुमच्या घराचा विचार केला की कडू म्हणायलाही तोंड राहत नाही.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही. हे बाबाच वाचून दाखवतील. ते इथे अडखळले तर त्यांना विचारा, का थांबलात म्हणून. गल्लीतल्या कुणी विचारलं नाही, तुम्ही तरी विचारा.