मोठ्या आईची गाडी

माझ्या थोरल्या जाऊबाई शाळेची बस चालवतात. आधी त्या बसमध्ये मुलांना चढवायचं-उतरवायचं काम करायच्या. एकदा ड्रायव्हर आजारी पडला, बाईंनी किल्ली हातात घेतली आणि मग ती काही परत दिली नाही. सुट्टीच्या दिवशी स्वतः बस झाडतात. सीटखाली सापडलेले डबे, खोडरबरं, एकेकटे मोजे पिशवीत भरून ठेवतात आणि सोमवारी ज्याचं त्याला बरोबर देतात. अख्खी गल्ली त्यांचं कौतुक करते. मीही करते, तोंडदेखलं.

कारण आमची ठकी. दुसरीत आहे, त्याच बसनं जाते आणि घरी आली की एकच जप: मोठी आई असं म्हणाली, मोठ्या आईनं तसं केलं. थोरल्या काकूला मोठी आई म्हणायचं कुणी ठरवलं कोण जाणे. त्या मोठी आई, मग मी काय किरकोळ आई?

यंदा दोघा भावांनी दोन गाड्या काढून डोंगरातली राष्ट्रीय उद्यानं आणि तळी बघायला जायचं ठरवलं. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून फ्रेममध्ये बसवते. ठकी माझ्या वाट्याला येते ती पेंगुळलेली. म्हटलं, ही सहल माझी. लेकीला शेजारी बसवीन, हरणं दाखवीन.

जाऊबाईंच्या दोन्ही मुलांना नुकत्याच मिशा फुटल्यात. ‘आईबरोबर सहलीला? आम्ही नाही येत,’ म्हणून दोघं घरीच राहिले. त्यामुळे त्यांच्या गाडीत जागाच जागा. ठकीनं पहिल्याच पेट्रोल पंपावर माझा हात सोडला आणि तिकडे जाऊन बसली.

पुढचं काय सांगू! हरणं दिसायची ती पुढच्या गाडीला. आम्ही पोचेपर्यंत ती झाडीत पसार. घाटात मला गाडी लागते, मी तोंडाशी पिशवी धरून बसलेली, आणि पुढच्या गाडीतून गाण्यांच्या भेंड्या ऐकू यायच्या. तळ्याकाठच्या प्रत्येक फोटोत ठकी त्यांच्या मांडीवर. नवरा म्हणाला, “बघ, किती रमलीय!” मी म्हटलं, “हो ना.” पोटात दुखत होतं, आणि ते घाटामुळे नव्हे.

निघताना जाऊबाई शाळेचीच रीत पाळायच्या. आरशावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. खाली उतरून दोन्ही गाड्यांत डोकं घालायच्या, एकेका सीटवर हात ठेवायच्या आणि त्या सीटवाल्यानं ‘हजर’ म्हणायचं. त्याशिवाय किल्ली फिरायची नाही. मोठे दीरसुद्धा डुलकीतून उठून ‘हजर’ म्हणायचे.

डोंगराच्या पार वरच्या तळ्याशी मी ठकीला जवळ घेऊन विचारलं, “आता माझ्या गाडीत बसतेस?” ती म्हणाली, “बघू.” माझ्याच पोटची पोर, आणि मला ‘बघू’! अंगाचा नुसता तिळपापड झाला. तोंड धुवायच्या निमित्तानं मी स्वच्छतागृहात शिरले आणि मनसोक्त रडून घेतलं.

बाहेर आले तर दोन्ही गाड्या गायब.

माझा फोन गाडीतल्या पर्समध्ये. फाटकावरच्या तिकीटवाल्यानं बसायला स्टूल दिलं. “येतील हो बाई,” तो म्हणाला. “चुकून कुणी ना कुणी राहतंच इथं.” काय घडलं असेल ते मला कळलं होतं. नवऱ्याला वाटलं असणार, ही लेकीसाठी पुढच्या गाडीत जाऊन बसली. पुढच्यांना वाटलं, मी मागे आहे. पण हजेरी? ती कशी चुकली? आणि ठकीला माझी आठवण तरी झाली असेल का? त्या स्टुलावर बसून मला एवढंच हवं होतं, की माझ्या लेकीला माझी उणीव भासावी.

आधी जाऊबाईंची गाडी आली. ठकी दार उघडून धावत सुटली आणि भोकाड पसरून माझ्या कमरेला बिलगली. “मी कधीची म्हणत होते, मला आईकडे जायचंय! कधीची!”

मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या खाली उतरून तिथंच उभ्या राहिल्या.

“वहिनी, आज हजेरी घ्यायला विसरलात?”

“विसरले नाही.” त्यांनी ओढणीनं तोंड पुसलं. “निघताना ठकी म्हणाली, मी आईच्या गाडीत बसते. मी म्हटलं, आई मागे आरामात बसलीय, पुढच्या तळ्यापासून जा. आणि उतरलेच नाही. उतरले असते तर पोरगी माझ्यामागून उतरून तुझ्याकडे पळाली असती. माझे दोघं आता माझ्या शेजारी बसतसुद्धा नाहीत गं. तुला अजून ‘आई, आई’ चालू आहे. जळते मी तुझ्यावर.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. ज्या बाईचा मी इतकी वर्षं हेवा केला, तिच्या पोटात माझ्यामुळे दुखत होतं! माझ्या मनात अक्षरशः लाडू फुटत होते.

तेवढ्यात नवराही घाबराघुबरा होऊन पोचला. ठकी रडते म्हणून जाऊबाईंनी वाटेतून फोन केला, तेव्हा कुठे मी कुठल्याच गाडीत नसल्याचं त्याला कळलं होतं, आणि घाटात गाडी वळवायला त्याला लवकर जागा मिळेना. मोठ्या दिरांना मी त्याच्या गाडीत धाडलं. ठकीला जाऊबाईंच्या गाडीत मागे बसवलं, माझ्या बरोब्बर पाठीशी, आणि मी पुढे जाऊबाईंच्या शेजारी जाऊन बसले.

“लेक शेजारी मिळणार नाही,” मी म्हटलं. “तेवढं मोठं मन नाही माझं. पण कुणीतरी हवंय ना? मी बसते.”

जाऊबाईंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आणि खोटं कशाला बोलू, त्यांना रडताना बघून मला जरा बरंही वाटत होतं.