पुढे शेंगा, मागे सुंगटं

सून सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, भाजायला घेते आणि त्या वासाने मला अजून ते एक जेवण आठवतं. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हे नौदलात होते आणि दुसऱ्या दिवशी रशियाला निघायचे होते, तिथल्या विमानवाहू क्रूझरवर काम शिकायला. जेवता जेवता त्यांनी केळीच्या पानाचंच जहाज केलं. पुढे शेवग्याच्या शेंगा मांडल्या, त्या क्षेपणास्त्रांच्या नळ्या. मागे तिरकी धावपट्टी आणि तिच्यावर सुंगटं, म्हणजे जागच्या जागी सरळ वर उडणारी विमानं.

"एकच जहाज, दोनय कामां करता," ते म्हणाले.

पुढे स्फोटकं आणि मागे इंधन भरलेली विमानं! मी वाढायचं सोडून विचारलं, "आणि तुमका खंय निजूचा आसा? फुडे की मागे?"

"मधी गो."

मी शहाणी लगेच निर्धास्त झाले. सासूबाईंनाही ऐटीत सांगून आले, "काळजी नको, ते मधी आसतले."

मध्ये तापल्या वाफेचे बॉयलर असतात, ते फुटले तर कोणी वाचत नाही, आणि हे त्या बॉयलरवरच कामाला होते, हे मला ते सुखरूप परतल्यावर कळलं. 'मधी' म्हणताना त्यांनी मान वर केली नव्हती. पानातला भातही तसाच राहिला होता, आणि मला वाटलं, माझं मीठ चुकलं.