पहिल्या पंपाच्या ओळी

एखादा माणूस दोषी आहे हे तुम्ही कधी ठरवता, नीट पाहिल्यावर की आवाज चढल्यावर? मी आवाज चढल्यावर ठरवायचो. पत्रकं वाचत वाढलेला मुलगा मी. मला उद्गारचिन्ह आधी सुचतं, वाक्य नंतर. पण विचार कसा करायचा हे अख्ख्या आर्णीत एकाच माणसाला कळतं, आणि तो बस स्टँडमागे मोटारसायकली दुरुस्त करतो.

आम्ही त्यांना चाचा म्हणतो. चाचा आधी पाना उचलत नाहीत, प्रश्न उचलतात. "बंद पडली म्हंजे? चढावर का उतारावर? पडायच्या आधी खोकलली का?" एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "चाचा, डॉक्टर बी इतकं नाही इचारत." चाचा म्हणाले, "म्हणून तं लोक त्याच्यापाशी घडीघडी जातेत." चहा खारट लागला तर ते दूध, पाणी, साखर वेगवेगळं चाखून बघतात. तोवर चहा गार होतो, मग तो गार काहून झाला याची चौकशी सुरू होते.

गेल्या पावसाळ्यात फवारणीनंतर आमच्या कपाशीची पानं आकसून बोटांसारखी लांबट झाली. बाबांनी कीटकनाशक गावातल्या कृषी केंद्रातून आणलं होतं. बस्स! मी एका बैठकीत पत्रक लिहिलं: 'बोगस औषध विकणाऱ्याचं दुकान बंद पाडा!' खाली दुकानदाराचं नाव, ठळक. छापायला जाताना चाचांना वाचून दाखवलं. त्या दुकानदाराशी चाचांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं, म्हणून शाबासकीची खात्री होती.

"मस्त लिवलं. वावर पाह्यलं?"

"पानं तोडून आणली ना, चाचा."

"पानं नाही बेटा, वावर."

गॅरेज उघडं टाकून ते माझ्या गाडीवर बसले. वावरात आल्यावर बाबांना एवढंच विचारलं, "फवारनी कोनीकडून सुरू केलती?" बाबा म्हणाले, "विहिरीकडून." चाचा विहिरीपासून ओळीओळीनं चालत गेले. पहिल्या पंपाच्या, म्हणजे पाठीवरची टाकी पहिल्यांदा भरली तेव्हाच्या, ओळी पार आकसलेल्या, दुसऱ्याच्या जरा बऱ्या, पाचव्या पंपापासून पुढे कपाशी हिरवीगार. "औषध एकाच डब्यातलं," चाचा म्हणाले, "मंग इथं जहर अन् तिथं चांगलं, असं काहून? पंपात आधी काय होतं?"

फवारणीच्या आदल्या दिवशी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तणनाशक मीच मारलं होतं. त्याच पंपानं. आणि पंप धुतला होता एक मग पाण्यानं.

मी कबूल केलं. चाचांनी खिशातली पेन्सिल पुढे केली. "घे. नाव तेवढं बदल."

पत्रक फाडलं. एका माणसाचं दुकान आणि त्याची अब्रू माझ्या उद्गारचिन्हापासून थोडक्यात वाचली, हे त्याला आजही ठाऊक नाही.

आता चाचांना कमी ऐकू येतं. पूर्वी पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते बिघाड ओळखायचे. हल्ली मूठ माझ्या कानाला लावतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. "काय म्हणून राह्यली गाडी, सांग. घाई नोको करू." मी सांगतो, कधी चुकतो, ते पुन्हा विचारतात. त्यांच्यानंतर हे प्रश्न मला कोण विचारणार, कोण जाणे.

म्हणून एक मागणं आहे. कुणाचं नाव लिहिलेलं पत्रक आत्ता तुमच्या हातात असेल, तर ते घडी करून खिशात ठेवा आणि आधी वावर बघून या. विहिरीकडून सुरुवात करा. आणि निघण्याआधी आपला पंप हुंगून बघा.