भावाचं लग्न आणि खासदारांचं मत

माझा धाकटा भाऊ सीमेवरच्या दलात शिपाई आहे. त्या वर्षी घाटनांदूरच्या मुलीशी त्याची सोयरीक जमली, साखरपुडा झाला, मंगल कार्यालयही ठरलं. तेवढ्यात सीमेवर तणाव वाढला आणि सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. त्याचा फोन आला तो एवढंच सांगायला. मुलीकडचे सारखे विचारत, तारीख कधीची धरायची? माझे वडील, आबा, दर वेळी 'कळवतो' म्हणून फोन ठेवत.

शेजारच्या मतदारसंघातले एक खासदार आबांचे जुने मित्र, शाळेत असताना एकाच वसतिगृहात राहिलेले. ते चौसाळ्याला एका दुकानाच्या उद्घाटनाला येणार असं कळलं, म्हणून मी आणि आबा तिथे गेलो. भाषणात त्यांनी शत्रूला एक इंचही जमीन देणार नाही असं ठणकावलं. टाळ्या पडल्या. नंतर दुकानाच्या मागच्या खोलीत चहा घेताना आबांनी विचारलं, हे किती दिवस चालायचं, पोराला रजा कधी मिळायची?

खासदारांनी दार लोटून घेतलं.

"खरं सांगू का? आमाला बी टीव्हीवरच कळतं."

मला वाटलं, टाळतायत. पण ते मनापासून बोलत होते. सीमा राखलीच पाहिजे, तिथे हयगय नको. पण फौजा कुठवर न्यायच्या, गावात शिरून झडती घ्यायचे अधिकार सीमेवरच्या दलाला किती आतपर्यंत द्यायचे, हे चार माणसं बंद खोलीत ठरवतात आणि सभागृहाला मागाहून सांगतात, असं त्यांचं म्हणणं. सरकार आपल्याच पक्षाचं असलं तरी विचारायचा हक्क संसदेचा आहे, हे पुढच्या अधिवेशनात बोलणार, असा शब्द त्यांनी आबांना दिला. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. पुस्तकातलं खरं मानणारा एक तरी माणूस दिल्लीत आहे, म्हणून परत येताना मला फार बरं वाटलं.

अधिवेशन सुरू झालं. कपाशीची खुरपणी आईवर सोडून आबा संसदेचं चॅनेल लावून बसू लागले. रोज गोंधळ, रोज कामकाज तहकूब. एका दुपारी झडतीचे अधिकार वाढवणारं विधेयक आलं. आबांचे हे मित्र पडद्यावर दिसले, तसा आबांनी आवाज वाढवला. ते उठलेच नाहीत. गोंधळातच आवाजी मतदान झालं आणि बाकं वाजवणाऱ्यांत तेही होते.

"मूग गिळून बसला की बे," आबा टीव्हीकडे बघत म्हणाले आणि खुरपं घेऊन रानात गेले.

दिवाळीनंतर भावाला रजा मिळाली. घाईघाईत लग्न धरलं. खासदार आले, आणि आपल्याकडे पुढारी आला की माईक त्याच्याच हातात जातो. अक्षता वाटून झाल्या होत्या, अंतरपाट धरलेला होता. मुंडावळ्या बांधलेला माझा भाऊ ताठ उभा, आणि खासदार सांगत होते की अशा जवानांचे हात आम्ही संसदेत बळकट केले. मुहूर्त टळून गेला. माझ्या मुठीतले तांदूळ घामानं ओले झाले.

पंगतीत मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"साहेब, तुम्ही बोलणार होतात ना?"

"पक्षाचा आदेश होता, ताई. मोडला तर खासदारकी जाते."

"आदेश मत द्यायचा. बोलायचं कावून न्हाई?" ऐन वेळी माझ्या तोंडून घरचीच भाषा आली.

बोलायला कोण उभं राहणार हे पक्षच ठरवतो, असं त्यांनी समजावलं. चिडले नाहीत, ओशाळलेही नाहीत. उलट म्हणाले, "माझं मत आजबी तेच हाय." आणि वाढप्याला बुंदी वाढायला सांगितली. जो माणूस खोटं बोलत नाही त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

मांडव रिकामा झाल्यावर हे सगळं मी भावाला सांगितलं.

"नव्या अधिकारानं आमचं काम वाढलं. माणसं हायत तेवढीच," तो म्हणाला. "हे कुणी इचारलं का तिथं?"

मी न्हाई म्हणाले.

रजा संपायच्या आतच त्याला परत बोलावणं आलं. का, ते त्यालाही सांगितलं नव्हतं. आबा त्याला गेवराईला गाडीत बसवून आले, आणि त्या दिवसानंतर आमच्या घरात संसदेचं चॅनेल कुणी लावलं नाही.