कोरडी बाटली

तापातून उठून मी शाळेत गेले, तेव्हा मागच्या अंगणातल्या पर्जन्यमापकाचं नरसाळं कडुनिंबाच्या पाल्याने तुंबलेलं होतं आणि आतली बाटली कोरडी ठाक होती. चार दिवस पाऊस तर धो धो कोसळत होता. पावसाच्या नोंदवहीत मात्र त्या चारही दिवसांचे आकडे होते, भूगोलाच्या सरांच्या वळणदार अक्षरात.

हवा आणि हवामान यांतला फरक सरांनीच शिकवला होता. एका दिवसाची ती हवा. वर्षानुवर्षांच्या नोंदी जुळवल्या की कळतं ते हवामान. म्हणून एकही दिवस चुकवायचा नाही. दोन पावसाळे मी रोज सकाळी पाऊस मोजायला तिथे भिजत उभी राहिले होते.

"सर, हे आकडे कुठून आले?"

"अगं, अंदाजाने टाकले. कोण बघतंय?"

ते हसले. त्यांना त्यात काहीच वाटलं नाही, हेच मला फार लागलं. आजही कुठे सरासरी पाऊस वाचला की वाटतं, यातल्या किती सकाळी खरंच कुणी भिजलं असेल?

दुसऱ्या दिवशी सरांनी वही उघडून विचारलं, "किती?"

मी मापकाकडे गेलेच नव्हते. "बारा मिलिमीटर," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.