वळणावरचा लाल ठिपका

त्याला मी समोरासमोर कधी पाहिलंच नाही. महाडच्या ऑफिसात आमच्या टेम्पोंचे ड्रायव्हर मला गाडीतल्या कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर दिसतात. कुणाची नजर रस्त्यावरून हलली की स्क्रीनवर त्याच्या गाडीच्या नंबरापुढे लाल ठिपका येतो. या ड्रायव्हरचा रोज सकाळी यायचा, पोलादपूरच्या पुढे, घाटातल्या एकाच वळणावर. टॉवेलनं तोंड पुसून तो मान डावीकडे वळवायचा आणि स्वतःशीच मान डोलवायचा.

जेवणाच्या सुट्टीत फोन करून मी त्याला झापलं.

"सायेब, समोरच्या डोंगरावर आमचं घर हाय," तो म्हणाला. "बा एकटा असतो, तिथं फोन लागत नाय. चुलीचा धूर दिसला का समजतं, बा उठला."

"ते मला सांगू नकोस. परत मान वळली तर गाडी काढून घेईन."

तरी आठवडाभर ठिपका येतच राहिला. मग एका सोमवारपासून बंद झाला. दम दिल्याचा गुण आला म्हणून मी खूश. महिनाअखेरीस मुद्दाम फोन केला.

"शाबास! आता कसा सरळ बघतोस!"

"होय सायेब," तो म्हणाला. "आता धूर येत नाय."

माझ्यापुढे त्याच्या गाडीचा ठिपका हिरवागार होता.