एका सुरयाचे आठ फोटो

युद्धाच्या वर्षांत माझी बदली भंडारदऱ्याच्या धरणावर झाली. मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर. मुलांच्या शाळा नगरला, म्हणून बायको आणि मुलं तिथे थोरल्या भावाकडे राहिली. व्यवस्था सोयीची होती आणि ती मीच लावली होती.

पहिल्या हिवाळ्यात बायको एकदा इकडे आली आणि चार दिवसांत कंटाळली. तिला आवडलं ते एकच. धरणाच्या पाण्यात उतरलेल्या काळ्या कड्यापाशी पांढरे सुरय उडायचे. तिचं माहेर रत्नागिरीकडे, समुद्रकाठच्या कड्याखाली. "अगं बाई, ही तर आमच्याकडची पाखरं!" म्हणाली आणि अंधार पडेपर्यंत तिथून हलली नाही.

पुढच्या हिवाळ्यात तिथे एकच सुरय दिसू लागला. मी ठरवलं, याचा उडतानाचा फोटो काढून तिला दाखवायचा. तो पाहून तरी ती मे महिन्यात इकडे येईल.

काम पद्धतशीर हाती घेतलं. पांढरा पक्षी आभाळात हरवतो, म्हणून मागे सावलीतला कडा हवा. कॅमेरा स्थिर धरला तर पक्ष्याची नुसती रेघ उमटते, म्हणून त्याच्याबरोबर आपणही वळायला हवं. पण माझ्या पेटीसारख्या कॅमेऱ्यात वरच्या काचेत पाहावं लागे आणि त्यात सगळं उलटं दिसे. पक्षी उजवीकडे निघाला की मी डावीकडे वळे. फिल्म त्या दिवसांत मिळत नव्हती. म्हणून रोज ड्युटी संपली की रिकामा कॅमेरा घेऊन कड्यासमोर उभा राहायचो, वळायचो, कळ दाबायचो.

धरणावरचा म्हातारा पहारेकरी विडी ओढत बघत बसे.

"रावसाहेब, आत काय न्हाई म्हनता, मग दाबताय कशाला?"

"सराव करतोय."

"मग त्या पाखराला तरी सांगा. त्ये बिचारं रोज नटून येतंय."

दिवसभरात कामाखेरीज माझ्याशी एवढंच बोलणं होई.

अखेर भावाने खटपट करून आठ फोटोंची फिल्म धाडली. त्या संध्याकाळी सुरय अगदी जवळून फिरला. मी बरोबर वळलो, मनात मोजत आठ वेळा कळ दाबली. फिल्म गुंडाळताना चावी फारच वेळ फिरवावी लागली, तरी शंका आली नाही.

नगरला फोटोवाल्याने एकच फोटो हातात ठेवला.

"बाकीचे?"

"बाकी फिल्म कोरी आहे, साहेब. प्रत्येक फोटोनंतर चावी फिरवून फिल्म पुढे सरकवायची असते, ती तुम्ही फिरवलीच नाहीत. सगळं एकावर एक आलंय."

रिकाम्या कॅमेऱ्यात चावी फिरवायची गरज नसते. हाताला तीच सवय लागली होती.

फोटोत कडा धुरासारखा पुसट होता आणि त्याच्यासमोर आठ सुरय. काही ठळक, काही विरलेले. एकमेकांच्या पंखांतून पंख गेलेले.

भावाच्या घरी बायकोने तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. चेहरा उजळला. "वहिनी, बघा तरी, केवढा थवा हा! आणि पत्रात लिहितात, इथे अगदी एकटा आहे म्हणून."

"भावोजींना सोबत चांगली आहे की," वहिनी हसल्या. "उगीच काळजी करत होतीस."

"तसं नाही," मी म्हणालो आणि समजावू लागलो. आधी कळ म्हणजे काय, मग चावी, मग कितवा फोटो ते दाखवणारे मागच्या लाल काचेतले आकडे. नेहमीसारखा क्रमाने. मूळ मुद्द्यापर्यंत पोचायच्या आधीच आत दूध उतू गेलं आणि दोघी स्वयंपाकघरात धावल्या.

निघताना मी मे महिन्याचं विचारलं. "बघू," ती म्हणाली. "तुमचं तिथे बरं चाललंय ना, मग झालं." फोटो तिने आरशाच्या कडेला खोचून ठेवला होता.

मे महिन्यात ती आली नाही. सुरय होता. मी रोज कड्यासमोर जायचो. कॅमेरा रिकामाच असे, पण आता प्रत्येक वेळी कळ दाबली की चावी फिरवायचो.